चीवर, माती आणि अरण्य : विनयातील हस्तकर्माचा विचार

काही वर्षांपूर्वी एका विहाराच्या बालसंस्कार शिबिरात व्याख्यान देण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत एक वेगळा उपक्रम होता. सकाळची वंदना आटोपल्यावर मुलांना जवळच्या डोंगरावर न्यावयाचे, तेथे गळलेली पाने, बिया, साली व माती गोळा करावयाची आणि दुपारी झाडांच्या सावलीत बसून त्यांतून काही घडवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. मुले रमली होती. परंतु सायंकाळच्या सभेत एका वयोवृद्ध उपासकांनी उभे राहून आक्षेप घेतला. "आमच्या बापजाद्यांच्या हातातला झाडू आणि दोर बाबासाहेबांनी सोडवला आणि लेखणी दिली. आता तुम्ही आमच्या नातवंडांच्या हातात पुन्हा माती देता काय?" सभा स्तब्ध झाली. त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले, ते अपुरे होते याची जाणीव आम्हांस घरी परतताना झाली. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्याचा प्रयत्न आहे.

उपासकांच्या आक्षेपामागे इतिहास उभा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गावगाड्यात हाताचे काम माणूस निवडत नसे. ते जन्माबरोबर त्याच्या गळ्यात पडत असे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली प्रसिद्ध झालेल्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात दाखवून दिले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याच्या गुणगानावर जो कठोर प्रहार केला, तोही सर्वश्रुत आहे. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास 1958 साल उजाडावे लागले. ज्या समाजाने हे सोसले, त्याला 'निसर्गाकडे चला, हाताने घडवा' असा उपदेश करणाऱ्याने आधी आपली भूमिका तपासून घ्यावी, हेच योग्य होय. म्हणून आम्ही हा प्रश्न पालि साहित्यालाच विचारावयाचे ठरविले. निसर्गाच्या सान्निध्यात हाताने काम करणे याविषयी बुद्धवचनाची आणि संघाच्या आचाराची भूमिका काय होती?

मगधाची शेते आणि भिक्खूचे चीवर

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. त्यात एक छोटा प्रसंग येतो. तथागत राजगृहाहून दक्खिणागिरीकडे चारिका करीत निघाले असता वाटेत त्यांच्या दृष्टीस मगधाची शेते पडली. बांधांनी विभागलेले, लांब पट्ट्यांचे, आडव्या-उभ्या रेषांनी चौकोन पाडलेले ते शेत त्यांनी आनंदास दाखविले आणि अशा रचनेचे चीवर भिक्खूंसाठी तयार करता येईल काय, असे विचारले. आनंदाने होकार दिला आणि काही भिक्खूंची चीवरे तशी करून तथागतांना दाखविली. आपण थोडक्यात सांगितलेले आनंदाने विस्ताराने जाणले, असे म्हणून तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. चीवराच्या लांब पट्टीस 'कुसि', आडव्या तुकड्यास 'अड्ढकुसि', मधल्या खंडास 'मण्डल' अशी नावे त्याच ठिकाणी नोंदलेली आहेत. आजही भिक्खूच्या खांद्यावरील चीवर उलगडून पाहिले, तर त्यावर मगधाच्या भातशेतीचे बांध दिसतात.

या प्रसंगाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. पायी चालताना उघड्या आभाळाखाली पाहिलेले एक दृश्य येथे हस्तकलेचा नमुना बनले आहे. ज्याने तो नमुना कापडावर उतरविला, तो आनंद शाक्य क्षत्रियांच्या कुळात जन्मलेला होता. कापड कापणे व शिवणे हे कुणा विशिष्ट जातीचे काम म्हणून बाहेर सोपविले गेले नाही. त्यातील बुद्धिमत्तेची दखल स्वतः शास्त्याने घेतली. लेखणीच्या कामाला बुद्धी लागते आणि सुईच्या कामाला लागत नाही, ही समजूत या एका प्रसंगाने खोटी ठरते.

साल, खोड, पान, फूल

याच खन्धकात रंगकामाचे तपशील आहेत. आरंभी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवर रंगवीत आणि त्यांचा रंग वाईट येई. तेव्हा तथागतांनी सहा प्रकारच्या रंगांस अनुमती दिली. मुळांचा, खोडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा, असे ते सहा रंग होत. थंड पाण्यात रंगविलेल्या वस्त्रास दुर्गंधी येऊ लागली, म्हणून रंग उकळण्याची अनुमती मिळाली. रंग पुरता उकळला की नाही हे ओळखण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा, असे सांगितले गेले. ओले चीवर बांबूवर किंवा दोरीवर वाळत घालावे, रंग एकाच बाजूस ओघळून जमू नये म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटावे आणि थेंब गळणे थांबेपर्यंत तेथून हलू नये, येथपर्यंत सूचना आहेत. रंगाऱ्याच्या कामाची ज्याला माहिती आहे, त्याला हे नियम अनुभवातून आलेले आहेत हे तत्काळ कळेल.

चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात शिवणकामाचा असाच क्रम दिसतो. भिक्खू प्रथम कोंबडीच्या पिसाने आणि बांबूच्या कामटीने चीवर शिवीत व ते नीट शिवले जात नसे. मग सुईस अनुमती मिळाली. सुया गंजू लागल्या, म्हणून सुईची नळी आली. बोटे टोचू लागली, म्हणून अंगुस्तान आले. कापड ताणून धरण्यासाठी 'कठिन' ही चौकट आली. उघड्यावर बसून शिवताना थंडी व ऊन यांचा त्रास होऊ लागला, तेव्हा कठिनशाला आणि कठिनमंडप उभारण्यास अनुमती देण्यात आली. यावरून असे दिसते की, चीवर शिवण्याचे काम मुळात मोकळ्या आकाशाखालीच चालत असे. वर्षावास संपला, आभाळ निवळले, की भिक्खू एकत्र बसून सुई-दोरा हाती घेत.

या सामूहिक श्रमाचे सर्वोच्च रूप म्हणजे कठिन चीवर होय. वर्षावासानंतरच्या महिन्यात संघास मिळालेले वस्त्र त्याच दिवशी धुऊन, मापून, कापून, शिवून व रंगवून पूर्ण करावयाचे असते. अट्ठकथा याबाबत स्पष्ट आहे. आपण थेर आहोत किंवा आपण बहुश्रुत आहोत, या सबबीवर कोणासही या कामातून सुटका नाही. अनादराने काम टाळणाऱ्यास 'दुक्कट' आपत्ती होते. धम्मपदट्ठकथेत अनुरुद्ध थेराच्या चीवराची कथा आहे. अनुरुद्धाचे वस्त्र शिवावयास महाकस्सप, सारिपुत्त आणि आनंद बसले, संघाने दोरा वळला आणि स्वतः तथागतांनी सुईत दोरा ओवला, असे ती कथा सांगते. ही अट्ठकथा बुद्धकाळानंतर कित्येक शतकांनी संकलित झाली, हे आम्ही विसरत नाही. तथापि संघाच्या स्मृतीने आपल्या शास्त्याचे कोणते चित्र जपून ठेवले, हे त्यावरून कळते. महाकस्सप व सारिपुत्त जन्माने ब्राह्मण, आनंद व अनुरुद्ध शाक्य. आणि सर्वांचे हात एकाच वस्त्रावर.

आपल्याकडील कठिन चीवरदानाच्या समारंभात आज बहुधा तयार चीवरे अर्पण केली जातात. श्रद्धेच्या दृष्टीने त्यात उणे काही नाही. परंतु संघाच्या सामूहिक श्रमाचा जो धडा या विधीच्या पोटात आहे, तो त्यामुळे दृष्टीआड होतो, एवढे नमूद करावेसे वाटते.

धनियाची झोपडी

निसर्गातील हस्तकर्माचे विनयाने सरसकट कौतुक केले असा मात्र वाचकांनी ग्रह करून घेऊ नये. दुसऱ्या पाराजिकाच्या निदानकथेतील धनिय हा कुंभाराचा पुत्र होता. राजगृहाजवळ इसिगिलीच्या उतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेस गेला असता गवत-लाकूड नेणाऱ्यांनी ती मोडून नेली. असे तीनदा घडले. तेव्हा आपण कुंभारकामात निष्णात आहोत हे स्मरून त्याने सर्व मातीची कुटी उभारली आणि गवत, लाकूड व गोवऱ्या रचून ती भाजून काढली. ती तांबूस, देखणी कुटी घंटेसारखी नाद देत असे. गिज्झकूटावरून उतरताना तथागतांनी ती पाहिली, तिची चौकशी केली आणि ती मोडून टाकण्यास सांगितले.

तथागतांच्या नापसंतीचे कारण महत्त्वाचे आहे. कुंभारकाम हलके आहे किंवा भिक्खूस कुंभाराची कला अशोभनीय आहे, असे ते म्हणाले नाहीत. ती माती भाजताना असंख्य लहान जीवांचा घात झाला आणि त्या प्राण्यांविषयी धनियाच्या मनात अनुकंपा दिसली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हीच दृष्टी इतर नियमांतही आहे. जमीन खणणे दहाव्या पाचित्तियाने आणि वनस्पतीचा नाश करणे अकराव्या पाचित्तियाने वर्ज्य ठरले. संघादिसेसाच्या सहाव्या नियमात कुटीचे माप ठरविले आहे. शिवाय कुटीची जागा जीवजंतूंना उपद्रव न होणारी असावी व तिच्याभोवती मोकळी वाट असावी, अशी अट घातली आहे. वर्षावासाचा नियमदेखील पावसाळ्यात भिक्खू हिरवे गवत तुडवितात व लहान जीव मारतात, या लोकांच्या तक्रारीतून आला. अरण्यात राहावे, हाताने काम करावे. पण अरण्याला इजा न करता करावे, असा हा विचार आहे.

घटिकाराची माती

मज्झिमनिकायातील घटिकारसुत्तात या विचाराचे गृहस्थी रूप आढळते. कस्सप बुद्धाच्या काळातील म्हणून ही कथा सांगितली आहे. पूर्वबुद्धांच्या कथेकडे आम्ही येथे इतिहास म्हणून पाहत नाही. ती जपणाऱ्या समाजाचे मन त्यात दिसते म्हणून तिचे मोल आहे. घटिकार हा कुंभार आपल्या अंध व वृद्ध माता-पित्यांचा सांभाळ करी. तो जमीन खणीत नसे. नदीकाठची ढासळलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती तो कावडीने वाहून आणी, तिची भांडी घडवी आणि ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग किंवा हरभरे ठेवून हवे ते भांडे न्यावे, असे सांगे.

याच सुत्तात एक विलक्षण प्रसंग आहे. घटिकाराचा मित्र जोतिपाल नावाचा ब्राह्मण तरुण होता. बुद्धाच्या दर्शनास चल, असा घटिकार आग्रह करी आणि जोतिपाल त्या मुंडक श्रमणाला पाहून काय लाभ, असे म्हणून टाळी. नदीवर स्नान झाल्यानंतर अखेरीस घटिकाराने त्याचे नुकतेच धुतलेले केस धरले. हीन जातीच्या या कुंभाराने माझे केस धरण्याचे धाडस केले, तेव्हा ही गोष्ट साधी नसणार, असा विचार ब्राह्मणाच्या मनात आला आणि तो निघाला. कथाकाराला जातीची उतरंड ठाऊक होती, हे उघड आहे. तरीही धम्माचा मार्ग दाखविणारा हात त्याने मातीत मळलेला दाखविला आणि तो ब्राह्मणाच्या मस्तकापर्यंत नेला. पुढे वाराणसीच्या किकी राजाचे वर्षावासाचे निमंत्रण कस्सप बुद्ध स्वीकारीत नाहीत आणि राजाजवळ या कुंभाराचेच गुण सांगतात. आपल्या कुटीचे छप्पर गळू लागले, तेव्हा घटिकाराच्या घराचे गवत निःसंकोच काढून आणा, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले होते. आणि घर उघडे पडल्याचे कळूनही त्या कुंभारास आनंदच झाला होता.

हीन शिल्प कोणते?

उपासकांच्या आक्षेपाला सर्वांत थेट भिडणारे वचन दुसऱ्या पाचित्तियाच्या विवरणात आहे. छब्बग्गिय भिक्खू इतर भिक्खूंना त्यांची जात, गोत्र, काम, शिल्प काढून हिणवीत, म्हणून हा नियम झाला. विवरणात 'हीन' मानल्या गेलेल्या शिल्पांची यादी दिली आहे. नळकार म्हणजे बुरूड, कुम्भकार, पेसकार म्हणजे विणकर, चम्मकार आणि नहापित. 'उत्कृष्ट' शिल्पे तीन सांगितली आहेत. बोटांवरील मोजणी, गणित आणि लेखन. कुंभार, चांभार, न्हावी हे आपले मराठी शब्द याच जुन्या शब्दांतून उतरले आहेत. लेखणी वर आणि माती खाली, ही उतरंडही तेव्हापासूनची आहे.

परंतु विनयाने त्या यादीचे काय केले, ते पाहावे. त्या त्या जनपदात जे शिल्प तुच्छ, अवमानित लेखले जाते तेही हीन, असे विवरणकार जोडतो. म्हणजे हीनता कामाच्या अंगी नसून लोकांच्या दृष्टीत आहे आणि ती प्रदेशागणिक बदलते, याची त्याला जाण आहे. त्यानंतर हिणविण्याच्या हेतूने कोणी कोणाचे शिल्प काढील तर ती आपत्ती ठरते. उपरोधाने वरच्या शिल्पाचे नाव घेतले तरीही ती सुटत नाही. उपालि हा न्हावी होता. शाक्य कुमारांबरोबर तो आला, तेव्हा त्या कुमारांनीच, आपला शाक्यत्वाचा अभिमान गळावा म्हणून, त्याला आपल्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ ज्ञाता म्हणून तो मान्यता पावला. दुसरीकडे, आतुमा येथे प्रव्रजित झालेल्या एका जुन्या न्हाव्याने वस्तऱ्याची पेटी घेऊन घरोघरी फिरावयास लावले, तेव्हा पूर्वीच्या न्हाव्याने न्हाव्याची हत्यारे बाळगू नयेत, असा नियम झाला. जुना धंदा जन्माची ओळख म्हणून माणसाच्या पाठीस लागू नये. हाताचे कौशल्य मात्र सर्वांचे असावे. या दोन्ही गोष्टी संघाने एकाच वेळी साधल्या.

साधनेच्या भाषेतही हे कौशल्य शिरले आहे. सतिपट्ठानसुत्तात भिक्खू अरण्यात, वृक्षाच्या मुळाशी किंवा शून्यागारात बसतो आणि दीर्घ व ऱ्हस्व श्वास जाणतो. त्या जाणण्यास उपमा दिली आहे ती कातारी आपल्या चरकावर लांब किंवा आखूड ओढ घेताना ती जाणतो, त्याची. झाडाखाली बसलेल्या साधकाला राजाचा किंवा पुरोहिताचा आदर्श सांगितला नाही. एकाग्र झालेल्या कारागिराचा सांगितला.

सह्याद्रीची साक्ष

या विचाराचा पुरावा आपल्या डोंगरांतही कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यावर दरमहा शेकडा 1 व्याज. आणि त्यातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, असा तो व्यवहार आहे. हिशोब केला असता वर्षाचे व्याज 240 होते आणि 20 भिक्खूंचे चीवरमूल्यही तेवढेच भरते. पावसाळ्यात डोंगरात राहणारा भिक्खू आणि खाली गावात माग चालविणारा विणकर, यांना हा लेख एका धाग्यात गुंफतो. जुन्नरच्या लेखांत बुरुडांची आणि कासारांची श्रेणी आढळते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचा लेख आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास या सुवर्णकाराने ती घडविल्याची नोंद आहे.

यावरून प्राचीन महाराष्ट्रात जातिभेद नव्हता, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. तितका भार हे लेख पेलणार नाहीत. परंतु ज्यांना यादीत 'हीन' म्हटले, त्यांची नावे व श्रेणी या डोंगरांवर मानाने कोरली गेली. कारागिराने आपल्या कामाखाली आपले नाव लिहावे, एवढी प्रतिष्ठा त्याला येथे होती. गावगाड्याने पुढे ती हिरावून घेतली.

आता त्या उपासकांकडे वळू. त्यांचे अर्धे म्हणणे निर्विवाद खरे आहे. जन्माने लादलेले काम पुन्हा कोणाच्याही हाती येता कामा नये आणि लेखणी क्षणभरही खाली ठेवता कामा नये. पण हाताच्या कामाविषयी आपल्या मनात जी लाज रुजली आहे, ती आपली नाही. ती ज्यांनी उतरंड रचली त्यांची आहे. ती आपण वारशाने का सांभाळावी? त्रिरश्मीच्या किंवा कार्ल्याच्या पायथ्याशी बसून एखादे मूल गळलेल्या पानांचा रंग काढीत असेल, कापडाच्या तुकड्यांवर शेताचे बांध शिवीत असेल आणि त्याच वेळी वर कोरलेला ब्राह्मी लेख वाचावयास शिकत असेल, तर त्याच्या एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात लेखणी असेल. त्याला फक्त तीन गोष्टी सांगाव्यात. झाडाची साल ओरबाडू नये, गळलेली घ्यावी; मुंगीच्या वारुळावर बसू नये; आणि शेजारच्या मुलाच्या आजोबांचा धंदा विचारून त्याला हसू नये. या तिन्ही गोष्टी विनयाच्या गाभ्यातल्या आहेत.

पुढील शिबिरास ते उपासक भेटले, तर मुलांबरोबर त्यांनाही झाडाखाली बसण्याची विनंती आम्ही करणार आहोत. सुईत दोरा ओवावयास वडीलधाऱ्या हातांची गरज असते.